‘आढळले नाही’ म्हणजे ‘नाही’ का?

‘मॅडम, इथं ‘नॉट आयडेंटिफाइड’ लिहिलंय. म्हणजे नाहीच ना?’

विचारणारा मुलगा तेवीस वर्षांचा. लॅबच्या काउंटरशी उभा. हातात मोबाइल, मोबाइलवर मी दोन दिवसांपूर्वी सही केलेला रिपोर्ट, आणि त्यातली एक ओळ त्यानं दोन बोटांनी ताणून मोठी केलेली. शेजारी त्याचे मामा. मामांना मी आधी पाहिलं होतं. पंधरा दिवसांपूर्वी तेच मोटरसायकलच्या हँडलला कॅरीबॅग अडकवून आले होते. कॅरीबॅगेत प्लास्टिकची बरणी आणि बरणीत भाच्याचं उजवं वृषण. तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं होतं, ‘सर नाहीत का कुणी?’

‘मीच आहे,’ म्हटल्यावर त्यांनी बरणी टेबलावर ठेवली आणि नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळवली.

मुलाच्या प्रश्नाला ‘हो, नाहीच’ एवढं म्हणायला एक सेकंद लागला असता. ते म्हणता आलं नाही. का आलं नाही, हे काउंटरवर उभ्या उभ्या मला नीट सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहितेय.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. उस्मानपुऱ्यात, एकनाथ रंगमंदिरापासून चालत जाता येईल अशा एका गल्लीत आमची लॅब आहे. आजूबाजूला इंजिनिअरिंग कॉलेज, पॉलिटेक्निक, क्लासेस, होस्टेलं, मेस. रस्त्यावर दिसणारा दर दुसरा माणूस पंचविशीच्या आतला. ‘पॅथॉलॉजी’ म्हटलं की लोकांना शुगर, थायरॉइड आणि उपाशीपोटी रक्त एवढंच आठवतं. आमच्या कामाचा दुसरा भाग आतल्या खोलीत चालतो. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा किंवा अवयव आमच्याकडे येतो. तो काय आहे, किती आहे, कुठवर गेलाय, हे आम्ही लिहून देतो. ज्याचा तो भाग आहे तो माणूस आम्हाला सहसा दिसतच नाही. त्यामुळे तो समोर येऊन उभा राहिला की आमची थोडी तारांबळ उडते.

वृषणाचा कॅन्सर आपल्याकडे कमी आढळतो. भारतात वर्षाला लाख पुरुषांमागे एकसुद्धा भरत नाही. नॉर्वे-डेन्मार्कमध्ये हेच प्रमाण दहापटीहून जास्त आहे. पण होतो तो बहुतेकदा पंधरा ते पस्तीस या वयात, म्हणजे हे वाचणाऱ्यांच्या वयात. गाठ बऱ्याचदा दुखत नाही. दुखत नाही म्हणून दाखवत नाहीत, आणि दाखवायची जागा अशी की दुखलं तरी दाखवत नाहीत. या मुलानं सात-आठ महिने कुणालाच सांगितलं नव्हतं. शेवटी सांगितलं ते मामाला, बापाला नाही.

युवराज सिंग आठवत असेल. २०११चा वर्ल्ड कप, वानखेडे, मालिकावीर; आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत केमोथेरपी. त्याची गाठ छातीत, दोन फुप्फुसांच्या मध्ये होती, पण जात सेमिनोमा, म्हणजे वृषणाच्या कॅन्सरच्याच कुळातली. इंडियानापोलिसला तो लॉरेन्स आइनहॉर्न यांच्याकडे गेला होता. याच आइनहॉर्न यांनी १९७४ मध्ये जॉन क्लीलँड नावाच्या विद्यार्थ्याला सिसप्लॅटिन हे तेव्हाचं नवं औषध दुसऱ्या औषधांबरोबर दिलं. तोवर शरीरात पसरलेला वृषणाचा कॅन्सर म्हणजे बहुतेक वेळा मरण. क्लीलँड वाचला. आज या आजाराचे बहुसंख्य रुग्ण बरे होतात, अगदी पसरलेला असला तरी. त्यामुळे आमच्यासमोरचा प्रश्न बदलला. जगेल का, याच्या जोडीला आता दुसरा प्रश्न येतो : जगण्यासाठी त्याच्याकडून किती किंमत वसूल करायची?

आणि ती किंमत ठरते त्यात माझ्या रिपोर्टातल्या एका ओळीचा मोठा हात असतो.

आधी बरणीबद्दल. बहुतेक कॅन्सरमध्ये आधी छोटा तुकडा काढून तपासतात आणि मग मोठं ऑपरेशन करतात. वृषणाचं तसं नाही. इथं सुई घालणं सहसा टाळतात. सोनोग्राफी आणि रक्तातले मार्कर बघून अख्खं वृषण काढतात, तेही जांघेतून. खालच्या पिशवीला चीर देत नाहीत. कारण गर्भात असताना वृषण पोटात तयार होतं आणि मग खाली उतरतं. त्याचा लसिकेचा निचरा अजूनही पोटातल्या, मणक्याजवळच्या गाठींकडे जातो. पिशवीचा निचरा मात्र जांघेतल्या गाठींकडे. पिशवी कापली की कॅन्सरला एक नवी वाट मिळू शकते. हायड्रोसिल समजून पिशवीतून उघडलेल्या केसेस माझ्याकडे आल्या आहेत. त्यांचे रिपोर्ट लिहिताना हात जड होतो.

म्हणजे अवयव आधी जातो आणि नाव नंतर येतं. नाव द्यायची जबाबदारी माझी.

वृषणाभोवती पांढरं, चामड्यासारखं चिवट आवरण असतं. फॉर्मालिन त्यातून सहजी आत शिरत नाही. न कापता बरणीत ठेवलं तर बाहेरून छान टिकतं आणि आतून खराब होतं. म्हणून आल्या आल्या वजन करायचं, मापं घ्यायची, बाहेरून शाई लावायची आणि उघडायचं. पण उघडायच्या आधी एक गोष्ट : वृषणाला जोडलेली जी दोरी असते, शुक्ररज्जू, तिच्या टोकाचा काप सगळ्यात आधी घ्यायचा. कारण या गाठी मऊ असतात, पेशी सुट्या होतात. गाठ आधी कापली तर त्या सुरीच्या पात्याला चिकटतात आणि तीच सुरी पुढं जिथं लागेल तिथं उतरतात. मग काचेवर बघणाऱ्याला वाटतं, अरे, हा दोरीपर्यंत पोचलाय. पोचलेला नसतो. मी पोचवलेला असतो.

शिकत असताना सरांनी हे सांगितलं तेव्हा मला ती फक्त सुरी पुसायची सूचना वाटली होती. आता वाटतं, आमच्या धंद्यातली सगळी नीती त्या पात्यावर आहे.

या मुलाची गाठ चार सेंटिमीटरच्या थोडी वर. कापल्यावर एकसारखी नव्हती. कुठं करडी, कुठं रक्ताळलेली, कुठं बारीक पाण्याचे फुगे, आणि एका कोपऱ्यात सुरीला कडक लागणारा ठिपका. अशी ठिगळाठिगळाची गाठ दिसली की प्रत्येक ठिगळातून तुकडा घ्यायचा. दर सेंटिमीटरला किमान एक, शिवाय कडेचे, शेजारच्या निरोगी दिसणाऱ्या भागाचे, दोरीचे. मी अकरा घेतले. हे तुकडे मेणात बसवले की त्यांना ब्लॉक म्हणतात. ब्लॉकमधून चार मायक्रॉन जाडीचा काप काढायचा, पाण्यावर तरंगवायचा, काचेवर उचलायचा, रंगवायचा.

इथं एक हिशेब करून बघा. ब्लॉकमधला तुकडा साधारण चार मिलिमीटर जाड. काप चार मायक्रॉनचा. म्हणजे त्या तुकड्याचा हजारावा भाग मी बघते. आणि अकरा ब्लॉक म्हणजे काही अख्खी गाठ नव्हे.

मायक्रोस्कोपखाली तीन प्रकार दिसले. सत्तर टक्के एम्ब्रायोनल कार्सिनोमा, वीस टक्के टेराटोमा, दहा टक्के योक सॅक ट्यूमर. सुरीला लागलेला कडक ठिपका कूर्चा निघाला. कानात असते तशी, गुळगुळीत निळसर. वृषणात कान कुठून आला, असं पहिल्यांदा ही स्लाइड बघणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर असतं. माझ्याही होतं. हे टक्के डोळ्यांच्या अंदाजानं काढतात, पण ते लिहावे लागतात, कारण कुठला भाग जास्त आहे यावर पुढचं बरंच ठरतं.

त्यानंतर ती ओळ. गाठीच्या पेशी रक्तवाहिनीत किंवा लसिकावाहिनीत शिरल्यात का? या मुलाचं सीटी स्वच्छ होतं, ऑपरेशननंतर मार्कर उतरून नॉर्मलला आले होते. अशा वेळी वाहिनीत पेशी असतील तर साधारण निम्म्या रुग्णांमध्ये आजार उलटतो. नसतील तर साधारण सहा-सातांत एकाचा. ‘आहे’ लिहिलं तर बहुतेक डॉक्टर केमोचा एक राउंड सुचवतात. ब्लिओमायसिन, इटोपोसाइड, सिसप्लॅटिन. फुप्फुस, कान, किडनी, पुढं मूल होणं, सगळ्यावर थोडा थोडा डाग राहण्याची शक्यता. ‘नाही’ लिहिलं तर बहुतेकांना औषध न देता फक्त लक्ष ठेवायचं. रक्त, सीटी, पुन्हा रक्त. उलटला तर तेव्हा पूर्ण केमो, आणि तेव्हाही तो बरा होण्याची शक्यता खूप मोठी.

सातव्या ब्लॉकमध्ये मला एक फट दिसली. फटीत दहा-बारा पेशींचा पुंजका.

ती रक्तवाहिनी होती की फॉर्मालिनमध्ये आक्रसून पडलेली चीर? पुंजका आत शिरलेला होता की सुरीनं आणून टाकलेला? खऱ्या शिरकावात पुंजका सहसा घट्ट असतो, वाहिनीच्या आकारात बसलेला, भिंतीला टेकलेला, कधी भोवती फायब्रिन असतं. सुरीनं आणलेल्या पेशी सैल, विस्कटलेल्या, आणि तशाच आणखी कडेला, पृष्ठभागावरही सांडलेल्या दिसतात. माझा पुंजका या दोन्हींच्या मधला होता. पुस्तकातल्या चित्रांत मधले पुंजके कधीच नसतात.

त्याच संध्याकाळी सर्जनचा फोन आला. त्यांचं नाव सांगत नाही. माणूस चांगला आहे, हे मात्र सांगते. म्हणाले, ‘मॅडम, पोरगा ऊसतोडीच्या घरातला आहे. दिवाळीनंतर हे लोक फडावर जातात ते एप्रिलशिवाय परत येत नाहीत. फॉलोअपला हा येणार नाही, मला माहिती आहे. थोडी जरी शंका असेल तर ‘प्रेझेंट’ टाका. एक राउंड देऊन मोकळा करू त्याला.’

मी म्हटलं, उद्या सांगते.

रात्रभर मला त्यांचं म्हणणं खोडता आलं नाही. लक्ष ठेवायची पद्धत ज्यानं शोधली त्यानं पगारी रजा असणारा माणूस गृहीत धरलेला असतो. कोयता हातात असलेल्या मुलाला दर दोन महिन्यांनी रक्त द्यायला या म्हणणं म्हणजे कागदावरची दया. मग त्याच्या बाजूनं एक शब्द फिरवला तर बिघडलं काय? शंका तर होतीच.

पण एक गोष्ट टोचत होती. मी ‘आहे’ लिहिलं असतं तर केमो घ्यायचं की नाही हा त्या मुलाचा निर्णय मी घेतला असता, आणि तो मी घेतलाय हे त्याला कधीच कळलं नसतं. त्याला वाटलं असतं, आपल्या शरीरानंच तसं सांगितलं. दयेपोटी बोललेल्या खोट्याची ही अडचण आहे. ते बोलणाऱ्याचं राहत नाही, निसर्गाचं होऊन जातं. आणि रिपोर्ट एका सर्जनपाशी थांबत नाही. तो उद्या इथल्या कॅन्सर हॉस्पिटलात जाईल, परवा टाटाला. माझा शब्द पुढं जाईल, पण त्यामागचं ऊसतोडीचं कारण मागंच राहील.

तरी एवढ्यावर मी साळसूद होऊ शकत नाही. ‘मी फक्त जे दिसतं ते लिहिते’ हे वाक्य आमच्यात फार चालतं आणि ते अर्धंच खरं आहे. मधला पुंजका दिसल्यावर रेघ कुठं ओढायची ते मी ठरवते. तीच काच दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्टांना दाखवली तर या मुद्द्यावर दोन उत्तरं येऊ शकतात. अमेरिकन पॅथॉलॉजिस्टांच्या कॉलेजच्या रिपोर्टच्या नमुन्यात तिसरा पर्यायही असतो, ‘ठरवता येत नाही’. तो कधी कधी प्रामाणिक असतो. पण कधी तो फक्त माझी कातडी वाचवतो. माझी शंका मी उचलून त्या मुलाच्या खिशात टाकते आणि घरी जाते. मग माणसाची परिस्थिती माहीत असणं चांगलं की वाईट? न्यायदेवतेसारखी डोळ्यांवर पट्टी बांधून मायक्रोस्कोपला बसायचं का?

इथं मला खानोलकरांची आठवण होते. वसंत रामजी खानोलकर. मुंबईत १९४१ साली टाटा मेमोरियल सुरू झालं तेव्हा तिथल्या प्रयोगशाळा उभ्या करणारे पॅथॉलॉजिस्ट. १९४५ मध्ये त्यांनी आणि सूर्याबाईंनी एक निबंध प्रसिद्ध केला. माणसाच्या सवयी आणि कॅन्सर यांच्या नात्यावर. त्यात धोतरामुळे होणारा कॅन्सर आहे. कमरेला धोतर वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट आवळलं की तिथली कातडी काळवंडते, जाड होते, आणि काही जणांत पुढं तिथंच कॅन्सर होतो. आता, काचेवर धोतर दिसत नाही. काचेवर फक्त कातडीचा कॅन्सर दिसतो, जगात कुठंही दिसेल तसा. हा माणूस काय नेसतो, हे कुणीतरी विचारलं म्हणून ते कळलं.

म्हणजे माणूस माहीत असल्यानं दृष्टी वाकडीच होते असं नाही, ती कधी लांबही जाते. सर्जनच्या फोनचा मला तसा उपयोग करता आला असता. हा मुलगा परत येणार नाही, हे कळल्यावर माझं उत्तर बदलायचं काही कारण नव्हतं. माझी मेहनत बदलायला हवी होती.

सकाळी मी बरणी पुन्हा उघडली. गाठीच्या कडेचे आणखी सहा तुकडे घेतले. सातवा ब्लॉक खोलवर कापला. वाहिनीचं अस्तर रंगवणाऱ्या विशेष रंगासाठी ब्लॉक बाहेर पाठवला. त्याचे वेगळे पैसे पडतात, ते मामांना फोनवर विचारून घेतले. खोलवरच्या कापात पुंजका गायब झाला. फटीला अस्तर निघालं नाही. बाकी सोळा ब्लॉकमध्ये काही नव्हतं. जुन्या सरांना काचा दाखवल्या. त्यांनी पाच मिनिटं बघून चष्मा काढला आणि म्हणाले, ‘चीर आहे.’

मी लिहिलं : नॉट आयडेंटिफाइड. आढळले नाही.

सर्जनना सांगितलं, ‘तो येणार नाही हे केमो देण्याचं खरं कारण असेल तर ते कारण त्याला सांगा आणि तुमच्या कागदावर लिहा. माझ्या कागदावर नको.’ ते शक्य आहे. लक्ष ठेवणं जमणारच नसेल तर कमी धोक्याच्या रुग्णालाही तो एक राउंड देता येतो. त्यासाठी वाहिनीत खोट्या पेशी घालायची गरज नाही. ते थोडे नाराज झाले. मग म्हणाले, ‘बरं, बोलतो.’

आता ‘आढळले नाही’ आणि ‘नाही’ यांतल्या फरकाकडे. आपल्याकडच्या मीमांसकांनी या प्रश्नावर पार सातव्या शतकापासून डोकं घातलंय. एखादी गोष्ट नाही, हे आपल्याला कळतं कसं? ‘नाही’ तर डोळ्यांना दिसत नाही. कुमारिल भट्टांच्या परंपरेत याला ज्ञानाचं एक वेगळंच साधन मानलं : अनुपलब्धी, म्हणजे न सापडणं. पण त्याला एक अट जोडली. जमिनीवर माठ नाही असं मी केव्हा म्हणू शकते? माठ असता तर तो मला दिसलाच असता, अशी परिस्थिती असेल तेव्हाच. खोलीत उजेड हवा, डोळे धड हवेत, माठ दिसण्यासारखी वस्तू हवी. अंधाऱ्या खोलीत माठ न दिसणं हे माठ नसण्याचं ज्ञान नव्हे, तो नुसता अंधार आहे. या अटीला ते ‘योग्य’ अनुपलब्धी म्हणतात.

मला हे कॉलेजात कुणी शिकवलं नाही. एका तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांचा थायरॉइडचा रिपोर्ट घेऊन ते स्वतः आले होते, त्यांनी चहाबरोबर सांगितलं. तेव्हापासून रिपोर्टातल्या ‘आढळले नाही’च्या पुढं मला न लिहिलेलं अर्धं वाक्य दिसतं : असतं तर दिसलं असतं, इतपत मी पाहिलं. त्या अर्ध्या वाक्याची लाज राखायची ती ब्लॉक घेताना. सही करताना ती राखता येत नाही. दोन ब्लॉक घेऊनही ‘आढळले नाही’ लिहिता येतं आणि सतरा घेऊनही. कागदावर दोन्ही ओळी सारख्याच दिसतात, आणि त्या दोन बोटांनी कितीही ताणल्या तरी वाचणाऱ्याला कळत नाही की खोलीत उजेड किती होता. म्हणून ब्लॉक किती आणि कुठून घेतले ते आम्ही रिपोर्टात खाली लिहितो. तो भाग कुणीच वाचत नाही.

यातून एक न सुटणारी गोष्ट उरते, ती लपवत नाही. या मुलासाठी मी जास्तीचे सहा ब्लॉक घेतले, कारण त्याच्या सर्जननं फोन केला. ज्यांचे सर्जन फोन करत नाहीत, त्यांच्या गाठीही तेवढ्याच ठिगळाठिगळाच्या असतात. त्यांच्यासाठी नियमापुरतेच ब्लॉक घेतले जातात. नियम पाळला म्हणून मला कुणी बोल लावणार नाही. पण त्या रात्रीनंतर मी जुन्या दोन केसेसच्या बरण्या पुन्हा उघडल्या. तिसरीची बरणी तोवर पिवळ्या पिशवीतून निघून गेली होती.

काउंटरवर मी त्या मुलाला एवढंच म्हटलं, ‘मी जेवढं पाहिलं तेवढ्यात नाही.’

‘किती पाहिलं?’

हा प्रश्न मला कुठल्याही डॉक्टरनं कधी विचारलेला नाही. मी मागच्या कागदावर गोल काढला, त्यात रेघा मारल्या, सतरा तुकडे कुठून घेतले ते दाखवलं. तो नीट बघत होता. मग म्हणाला, ‘अन् राहिलेल्यात असंल तर?’

‘असेल तर पुढं रक्तात दिसेल, सीटीत दिसेल. लवकर दिसलं तर औषध आहे. चांगलं औषध आहे. पण त्यासाठी यावं लागेल. नाहीतर आत्ताच एक राउंड घ्यायचा का, हे सर्जन तुझ्याशी बोलतील. दोन्हीतलं तू ठरवायचं.’

‘फडावरनं यावं लागंल,’ मामा पहिल्यांदाच बोलले. ‘मुकादमाला आधीच सांगावं लागंल. उचल घेतलेली हाय.’ ते बोटांवर महिने मोजायला लागले. मुलानं मोबाइलमध्ये कॅलेंडर उघडलं. पहिली तारीख टाकली, दुसरी टाकली, तिसऱ्यापाशी थांबून मामांकडे बघितलं. मामांनी मान हलवली. त्यानं तिसरीही टाकली.

निघताना मामा दारातून परत आले. या वेळी कॅलेंडरकडे न बघता माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, ‘मॅडम, ती बरणी हाय का अजून?’

‘आहे. आणखी बघायची वेळ आली तर असावी म्हणून काही दिवस ठेवतो.’

‘राहू द्या मग,’ म्हणाले. ‘तिसऱ्या तारखेपस्तोर तरी राहू द्या.’